सोस

ते निळं टोपण बिट्टीच्या आईच्या मुठीत होतं, सुईवरचं, शेंगदाण्याएवढं. नर्सच्या हातून पडलं म्हणून तिने उचललं, आणि आता मूठ घामेजली तरी टाकवत नव्हतं. सुई टोचलीच गेली नव्हती आज.

डॉक्टरबाई बिट्टीच्या पाठीवर वाकल्या होत्या. कमरेपासून खांद्यापर्यंत पसरलेला तो जन्माचा काळा, केसाळ डाग, आणि शेजारी, चांगल्या कातडीखाली बसवलेला फुगा. दर आठवड्याला त्यात खारं पाणी भरायचं, कातडी ताणायची, पुरेशी वाढली की डाग कापून ती तिथे ओढून घ्यायची... आई स्वतः कपडे शिवायची, तिला हे चटकन कळलं होतं. ठिगळ त्याच कापडाचं हवं.

"कधीपासून लाल आहे हे?"

"आजच दिसलं," ती म्हणाली.

खोटं. सोमवारी दिसलं होतं. सोमवारी बिट्टी म्हणाली होती, आई, आतून ठणकतंय. आणि मी — हो, मीच — तिचा फ्रॉक खाली ओढून म्हणाले, सोस थोडं, दोनच आठवडे राहिलेत. कळवलं असतं तर फुगा काढला असता, पाच महिने पाण्यात गेले असते...

नवरा सुरुवातीलाच म्हणाला होता, "जिवाला धोका नाही म्हणतात ना? मग तुलाच कसला एवढा सोस?" केवढी फणकारली होती ती त्याच्यावर! एकच शब्द, लेकीच्या वाट्याला एका अर्थाने आला, आईच्या दुसऱ्या. सहा वर्षांच्या पोरीने स्वतःची पाठ कधी पाहिली होती? पाहिली ती आपण, रोज, आंघोळ घालताना.

"पू झालाय. फुगा आजच काढावा लागेल." डॉक्टरबाई बिट्टीसमोर उकिडव्या बसल्या. "दुखत नव्हतं का गं तुला? आईला सांगायचं नाही?"

बिट्टीने आईकडे पाहिलं.

"नव्हतं दुखत."

इतक्या सफाईने! हे पोरीला कुणी शिकवलं, हे विचारायचीही सोय नव्हती.

"जखम भरली की सहा महिन्यांनी पुन्हा बसवू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काय बिट्टी, करायचं ना?"

बिट्टी पुन्हा आईच्या चेहऱ्याकडे बघत होती, तिथे कोणतं उत्तर हवंय ते शोधत. आईने चेहरा कोरा ठेवायचा आटोकाट प्रयत्न केला — काही म्हणजे काही दिसू नये — आणि तिला कळून चुकलं, की असा कोरा चेहरा आपल्याला ही पोर जन्मल्यापासून एकदाही जमलेला नाही.