एका खिशातली किल्ली

मी किल्ली बोलतेय. दाराची नाही, कपाटाची तर मुळीच नाही. मला दात नाहीत, गंज नाही, कुलपात फिरायची सवय नाही. बोटाच्या पेराएवढा माझा देह, एका टोकाला चपटी पट्टी आणि दुसऱ्या टोकाला हिरवा दिवा. संगणकात खोचलं की दिवा लागतो आणि मी जागी होते. काढून ठेवलं की स्वप्नं बघते. आयुष्याचा बराचसा भाग मी झोपेतच काढला, त्यामुळे सांगताना थोडं इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

माझे मालक छापखान्यात यंत्रं सांभाळायचे. सगळे त्यांना काका म्हणत. फक्त त्यांची थोरली बहीण त्यांना बंड्या म्हणे. ताईंची दृष्टी लहानपणीच गेलेली. टेलिफोनच्या कचेरीत त्यांनी जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, पण स्वतःला काही वाचायचं असलं की कुणाच्या तरी पाया पडावं लागायचं. "वाचणारा कंटाळला की मधल्या ओळी गाळतो. मला कळतं ते," असं त्या म्हणायच्या.

म्हणून काकांनी सुट्टीच्या दिवसांत बसून एक प्रोग्राम लिहिला. पडद्यावर जे असेल ते तो मोठ्याने वाचायचा, एकही ओळ न गाळता. त्याचं नाव ठेवलं 'आवाज'. आणि तो त्यांनी सगळ्यांसाठी उघडा ठेवला. ज्याला हवा त्याने फुकट न्यावा, ज्याला जमेल त्याने आत डोकावून सुधारावा. हळूहळू माणसं जमली. एक गणिताचे शिक्षक, एक निवृत्त टंकलेखिका, इस्पितळात काम करणाऱ्या एक नर्सबाई, आणखीही कितीतरी. बहुतेकांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं, तरी भांडायची मात्र सख्ख्या भावंडांसारखी.

तुम्ही म्हणाल, घर उघडंच आहे तर किल्ली कशाला? सुधारणा कुणीही सुचवावी, पण नवा 'आवाज' दृष्टी नसलेल्या माणसांच्या संगणकात आपोआप शिरणार. तो खात्रीच्या हातून आलाय हे कुणीतरी सांगायला नको का? ती खूण मी उमटवायची. माझी खूण नसेल तर संगणक नव्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवायचे.

खूण उमटवण्याआधी आमच्या घरात एक रीत होती. काका नवा 'आवाज' ताईंसमोर लावत. ताई खुर्चीत पाय वर घेऊन बसत, डोळे मिटून घेत आणि सगळं ऐकून झालं की म्हणत, "हं." बस्स, तेवढंच. त्या 'हं'शिवाय काकांनी मला कधी हात लावला नाही. खूण उमटली की मी पुन्हा झोपायची आणि मला अनोळखी खोल्या दिसायच्या. कुठे खिडकीतलं ऊन, कुठे शेगडीवरची किटली, आणि प्रत्येक खोलीत कुणीतरी मान कलती करून ऐकत बसलेलं. मला फार बरं वाटायचं.

पसारा वाढला तशी काकांपुढची रांगही वाढली. प्रत्येक सुधारणा त्यांनीच बघायची, प्रत्येक भांडण त्यांनीच मिटवायचं. आणि त्यांना नाद लागला होता गाणाऱ्या आवाजाचा! वाचता वाचता गाईल असा गळा घडवण्यात ते तहानभूक विसरत. नर्सबाईंनी कळवलं, "काका, संगणकांची मूळ प्रणाली बदलणार आहे. तेव्हा आपला आवाज बसेल. मी दुरुस्ती करून पाठवलीय, तेवढी बघा."

"बघतो, निवांत बघतो," काका म्हणाले. तो निवांतपणा काही उगवला नाही.

शिक्षकांनी सुचवलं, की किल्ल्या चारचौघांत वाटू या. काका उखडले. "एक ना धड, भाराभर चिंध्या होतील!" त्यावर नर्सबाई शांतपणे म्हणाल्या, "मग आम्ही वेगळी चूल मांडतो." त्यांच्या मागून आणखीही काहीजण गेले. काकांनी त्या दिवशी मला शर्टाच्या खिशात टाकलं आणि वरून थोपटलं. त्यांना वाटलं, चला, हे तरी आपल्याजवळ आहे.

तोच शर्ट धुण्याच्या यंत्रात गेला.

आत काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. फेस, गोल फिरणारं पाणी, काचेपलीकडे चंद्रासारखा दिवा. कुणाची तरी बाही मला पोटाशी धरून फिरत होती. मी घाबरायला हवं होतं, पण मला आपलं झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटत होतं.

नेमकी तेव्हाच प्रणाली बदलली आणि नर्सबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. सगळीकडचा 'आवाज' मुका पडला. काकांनी टेबलं उपसली, गाद्या उलटल्या. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, तसं ते मला शोधायला गच्चीतल्या दोरीखालून पुन्हा पुन्हा जात होते आणि मी वर ओल्या खिशात लोंबकळत होते. सापडले तेव्हा दिवा लागेना. त्यांनी मला तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं.

ताई मुक्या संगणकासमोर हात मांडीवर ठेवून बसून असायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "बंड्या, तुझ्या एका खिशात सगळ्यांचा आवाज ठेवलास होय रे?"

काकांनी नर्सबाईंना फोन लावला. "बाई, तुमची दुरुस्ती मी उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. आता घेऊ का?"

"घ्या की. ती मी ऐकणाऱ्यांसाठी केली होती, तुमच्यावर उपकार म्हणून नाही," त्या म्हणाल्या. "पण किल्लीचं काय करणार?"

काका तांदळाचा डबा काढायला उठले.

तांदळातून बाहेर आले तेव्हा माझा दिवा लागला खरा, पण वातीचं तेल संपत आल्यासारखा. एक खूण उमटवेन, दुसरीची खात्री नव्हती. माझ्या जागी कुणाला मानायचं, तेही त्याच खुणेत सांगायला हवं होतं. काकांनी नर्सबाईंची दुरुस्ती घातली, आपल्यासाठी आणलेली एक नवी किल्ली त्यात नोंदवली आणि रीतीप्रमाणे ताईंना ऐकवायला बसले.

'आवाज' स्वच्छ बोलला. अखेरीस त्याने वाचलं, "यापुढे एकच किल्ली मानली जाईल."

ताईंनी खुर्चीतले पाय खाली घेतले, 'हं' काही आला नाही. वर पंखा फिरत होता.

"ताई? नीट नाही का झालं?"

"आवाज छान आहे."

"मग?"

"मग काय! अरे, तू धडधाकट असताना मी इतके दिवस मुकी बसले. उद्या तू नसलास तर?" ताई म्हणाल्या. "आमच्या कचेरीत आम्ही बायका कचाकचा भांडायचो. पण एखादी आली नाही तर शेजारची तिच्या खुर्चीत बसायची. कुणाचं बोलणं तुटू दिलं नाही आम्ही. तुला ती नर्स आवडत नसेल तर नको आवडू दे. पण खुर्चीत बसायला तिला शिकव."

काकांनी मला टेबलावर ठेवलं. मग त्यांनी पुन्हा फोन लावला. नर्सबाईंना, शिक्षकांना, टंकलेखिकेला. त्या तिघांनी नवीन किल्ल्या घेतल्या, काकांनी आपल्या किल्लीबरोबर त्याही नोंदवल्या, आणि कुणाही दोघांची खूण एकत्र असेल तरच नवा 'आवाज' बाहेर पडेल असं ठरलं. नर्सबाईंनी अट घातली, की आधी रांगेत ताटकळलेल्यांना उत्तरं, मग गाणारा गळा. काकांनी मान डोलावली. फोनवर मान डोलावलेली कुणाला दिसणार! मग "बरं" म्हणाले.

ताईंनी सगळं पुन्हा ऐकलं. "हं," म्हणाल्या. माझा दिवा लागला, खूण उमटली आणि विझला तो कायमचा.

आता मी ताईंच्या टेबलाशी एका खिळ्यावर लटकते आहे. वाऱ्याने हलते, भिंतीवर टिकटिक करते. स्वप्नं अजून पडतात. तुमच्याकडे अशी एखादी किल्ली असेल, तर धुवायच्या आधी खिसे तपासाच, पण त्याहीआधी दुसऱ्या कुणाला तरी ती लावायला शिकवा. मला झोपण्यापूर्वी एवढंच सांगायचं होतं.

परवा सकाळी ताईंचा संगणक आपणहून म्हणाला, "नवा आवाज आला आहे." ताईंनी तो डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला.

"बंड्या, हा तू केलास?"

काका चहाचा कप घेऊन दारात उभे होते. "नाही गं ताई. मला तर माहीतही नव्हतं."

ताई हसल्या. "हं," म्हणाल्या.