काकडीच्या वेलावरचं औषध

"सापच चावला, दुसरं काय," जागेश्वर म्हणाला आणि त्यानं आपल्या पोरीला खांद्यावर घेतलं.

भुमेश्वरी सात वर्षांची. तोंडातून फेस येत होता, हातपाय झटके देत होते. शाळेच्या बागेच्या कुंपणाशी ती पडलेली सापडली होती. तिची आई, कलाबाई, पाय चाचपून दाताची खूण शोधत होती.

बोडीवरून, गावच्या लहान तळ्यावरून, पाण्याच्या दोन बादल्या घेऊन आलेली चंद्रकला गर्दीमागे थांबली. साकोलीच्या कॉलेजात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती ती. एकोणऐंशी सालच्या त्या पावसाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेतून दर रविवारी ती एसटीनं सानगडीला उतरायची आणि दोन मैल चालत या गावात यायची. पोरांना घेऊन तिनं शाळेभोवती करंज आणि कडुनिंबाची साठ रोपं लावली होती. मागच्या बाजूला काकडीचे वेलही होते.

रोपांच्या मुळांना उधई, म्हणजे वाळवी, लागली म्हणून आज तिनं वडिलांचं धानावरचं औषध आणलं होतं. उरलेलं वेलांवर शिंपडलं, कारण पानांवर मावा होता. पोरं अजून आली नव्हती. आली की सांगू, असं ठरवून, रिकामी बाटली खांद्यावरच्या पिशवीत टाकून ती पाण्याला गेली होती.

वेलाजवळ अर्धी खाल्लेली काकडी पडली होती. कोवळी. तिच्यावर दातांच्या बारीक खुणा होत्या. चंद्रकलेनं इकडंतिकडं पाहिलं आणि त्या काकडीवर पाय ठेवला. टाचेनं ती चिखलात दाबली.

"मांत्रिकाकडं नेतो," जागेश्वर म्हणाला. "तो उतरवून देईन."

माणसं त्याच्यामागे निघाली. चंद्रकलेनं बादल्या खाली ठेवल्या. आपण सांगितलं तर हे लोक आपल्याला इथंच मारतील. बाबा कॉलेज बंद करतील. पोलीस येतील. नाही सांगितलं तर कुणालाच कळणार नाही. रस्त्याच्या वळणावर भुमेश्वरीचा लोंबणारा हात एकदा दिसला आणि दिसेनासा झाला.

मग ती धावली.

"थांबा जी! साप नाही चावला तिले. मी वेलावर औषध टाकलं होतं. तिनं काकडी खाल्ली."

जागेश्वर वळला. "काय टाकलं?"

"धानावरचं औषध. इखारी आहे."

"अन् आत्ता सांगून राहिली?"

त्याचा हात वर गेला. मुख्याध्यापक यादोराव गुरुजी मध्ये आले. "मारशीन मंग. आधी पोरीले दवाखान्यात ने."

गुरुजींनी सायकल काढली. पोरीला छातीशी धरून जागेश्वर मागे बसला. कलाबाई आणि चंद्रकला चिखलातून पळत सुटल्या. कलाबाई पदर तोंडात धरून पळत होती.

सानगडीच्या दवाखान्यात धापा टाकत पोचलेल्या चंद्रकलेला डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "औषध कोणतं?" चंद्रकलेनं पिशवीतून बाटली काढून दिली. डॉक्टरांनी बाटलीवरची चिठ्ठी वाचली आणि कंपाउंडरला इंजेक्शनचं नाव सांगितलं. दार बंद झालं.

बाहेर ती भिंतीला टेकून उभी राहिली. आतून कलाबाईचा आवाज येई, मग थांबे. तो थांबला की चंद्रकला बंद दाराकडं बघे. जागेश्वर ओट्यावर बसला होता. त्यानं तिच्याकडं एकदाही पाहिलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

साडेचारला डॉक्टर बाहेर आले. "वाचली. औषध कळलं म्हणून."

जागेश्वरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चंद्रकला मटकन खाली बसली.

पुढच्या रविवारी घरचे नको म्हणत असतानाही ती गेली. गुरुजींनी काकडीचे वेल उपटून जाळले होते. आठ दिवस पाऊस नव्हता. करंजाची पानं खाली लोंबली होती. एकही पोर बागेकडं फिरकलं नाही. घरांच्या दारांतून बायका तिच्याकडं पाहत होत्या. तिला मान वर करायची भीती वाटत होती. ती एकटीच बोडीवरून पाणी आणून एकेका रोपाला घालत राहिली.

दुपारी कुंपणापलीकडं कलाबाई येऊन थांबली. शेजारी भुमेश्वरी होती, वाळलेली. पोर आत यायला ओढ घेत होती. कलाबाईनं तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

"पाण्याची किती रोपं राहिली?" कलाबाईनं विचारलं.

"चाळीस."

कलाबाईनं लोंबलेल्या पानांकडं पाहिलं.

"टाक पाणी," ती म्हणाली आणि लेकीला घेऊन घराकडं वळली. दिसेनाशी होईपर्यंत तिनं मनगट सोडलं नाही.