गिळलेला 'त'

धाकटे साहेब पहिल्यांदा 'आपण' म्हणाले तेव्हा वाफवालीला वाटलं, आपल्या मागे कोणी पाहुणा उभा आहे. तिने वळून पाहिलंसुद्धा. मागे फक्त बॉयलर होता.

हॉटेलांच्या चादरी आणि दवाखान्यांचे गाऊन धुणारी ती लाँड्री. बॉयलरची वाफ भिंतीपलीकडच्या इस्त्रीखान्यात जायची आणि तिथे बायका मोठाल्या प्रेसांवर चादरी दाबायच्या. त्यातच वाफवालीची नणंद होती. बॉयलर सांभाळते म्हणून 'वाफवाली' हे नाव नणंदेनंच ठेवलेलं, आणि ते इतकं चिकटलं की हजेरी घेणाराही तेच पुकारायचा. धाकट्या साहेबांना मात्र तेवढंही कधी लागलं नाही. त्यांचं काम 'ए' वर भागायचं. "ए, दाबाचा काटा बघ." "ए, वाफ कमी का?" अशा माणसाच्या तोंडात एकदम 'आपण' आला, आणि मधल्या 'तुम्ही'च्या पायरीवर त्याने पाऊलही ठेवलं नाही. तिथेच तिने सावध व्हायला हवं होतं. पण कौतुकाला भुकेलेलं माणूस ताटात काय वाढलंय ते बघत नाही.

आदल्या दिवशी फिटर येऊन गेला होता. दाब फार वाढला की जी झडप आपोआप उघडून वाफ बाहेर सोडते, ती गंजून बसली होती. त्याने हातोडीने ठोकून पाहिलं, तेल घातलं, मग हात पुसत स्पष्ट सांगितलं, "नवी बसल्याशिवाय पेटवू नका. ही उघडणार नाही. मग वाफ आपली वाट आपण काढेल."

सकाळी वाफवाली कामावर आली तर फोनवर धाकट्या साहेबांचा रेकॉर्ड केलेला आवाज आलेला. तिने तो बॉयलरपाशी उभ्या उभ्या ऐकला, आणि मागे वळून पाहिलं ते तेव्हाच. "फिटर काय म्हणाला ते कळलं. तरी आपण बॉयलर चालू ठेवायचं ठरवलं. आपण अनुभवी. काट्यावर लक्ष ठेवणार, याची खात्री आहे."

आपण ठरवलं! म्हणजे साहेबांनी आणि तिने. इतकी वर्षं या मालकांच्या घराण्यानं 'आम्ही' आणि 'तुम्ही' यांच्यात भिंत घातली होती, ती आज पडली असं तिला वाटलं. तिने बर्नर पेटवला. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण साहेब सोबत आहेत म्हटल्यावर भीती निम्मी झाली.

चहाच्या सुट्टीत तिने तो आवाज नणंदेला मोठ्या तोऱ्यात ऐकवला. नणंदेनं चहा ओठाशी नेला तो तिथेच थांबवला. "परत लाव गं, वहिनी."

तिने परत लावला.

"यात तो कुठे आहे?" नणंद म्हणाली.

"अहो वन्सं, आपण म्हणालेत ना. आपण म्हणजे मी आणि ते."

"किंवा नुसती तू. मोठ्या माणसाला नाही का म्हणत, आपण कधी आलात, आपण बसावं? तसा आपण."

"तसं असतं तर 'ठरवलंत' म्हणाले असते. 'त' लावला असता."

"बोलताना 'त' कोण लावतं? अर्धं जग गिळतं. उद्या काही झालं की हाच माणूस चौकशीत सांगेल, मी बाईंना आदराने विचारलं, त्यांनी ठरवलं. आणि काही नाही झालं, तर आपण सगळ्यांनी मिळून करून दाखवलं. एकाच दगडात दोन पक्षी." नणंदेनं फोन पुन्हा कानाशी धरला. "आणि ऐक, 'आपण अनुभवी.' पुढे 'आहोत' नाही, 'आहात' नाही. 'लक्ष ठेवणार', तिथेही शेपूट कापलेलं. अगं, एवढं मोजूनमापून कोण बोलतं?"

नणंद थट्टेखोर होती, पण आत्ता तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

ती तशीच वर ऑफिसात गेली. धाकटे साहेब खुर्चीत होते. टेबलावर फोन उताणा पडलेला, त्यावर रेकॉर्डिंगचा लाल ठिपका.

"साहेब, बॉयलर चालू ठेवायचं कोणी ठरवलं?"

"आपण," ते हसून म्हणाले.

"आपण म्हणजे तुम्ही आणि मी?"

"आपण म्हणजे आपण. यात काय अवघड?"

"मग एकदा म्हणा, साहेब. आपण चालू ठेवणार आहोत. 'आहोत' म्हणा."

त्यांनी आधी फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चोराच्या मनात चांदणं असतं, ते त्या क्षणी तिला लख्ख दिसलं. झडप उघडणार नाही हे याला पक्कं ठाऊक आहे. ठाऊक नसतं, तर एवढ्याशा शब्दाला हा माणूस इतका कशाला भ्यायला असता?

"बाई," ते शांतपणे म्हणाले, "आपण ठरवलंत."

'त' आला. अगदी सावकाश, दातांवर टेकवून.

ती जिना उतरली ती धावतच. काटा लाल रेषेच्या जवळ थरथरत होता आणि झडप मुकाट होती. तिने बर्नर बंद केला. हळूहळू पलीकडचे प्रेस गार पडले, बायकांचे आवाज थांबले, आणि मागोमाग साहेबांचे बूट वाजले.

"कोणी बंद केला?"

"मी," ती म्हणाली. तिचा आवाज कापला, पण शब्द कापला नाही.

"चालती हो. उद्यापासून येऊ नकोस." आदर संपला होता. पहारेकऱ्याने तिला दंडाला धरून बाहेर काढलं आणि लोखंडी फाटक ओढून घेतलं. नणंद आतच राहिली, इस्त्रीखान्यात, भिंतीच्या त्या बाजूला.

फाटकाच्या गजांतून अंगण दिसत होतं. साहेब धुलाईच्या ढोलांपाशी गेले. तिथे एक बाई ओले कपडे पिळत होती. वाफवाली रजेवर असली की हीच बॉयलर बघायची. वाफवालीनंच तिला बर्नर पेटवायला शिकवलं होतं. तिलाही आजवर कोणी 'ए'च्या वर हाक मारली नव्हती.

साहेब तिच्यासमोर किंचित वाकले. यंत्रांच्या घरघरीत शब्द ऐकू आले नाहीत, पण 'आपण'मधल्या 'प'ला मिटतात तसे ओठ मिटून उघडले ते वाफवालीने पाहिलं. त्या बाईनं मागे वळून पाहिलं, मागे कोणी नव्हतं. मग तिने हात पुसले, केस सारखे केले आणि बॉयलरच्या खोलीकडे निघाली.

"अगं थांब!" वाफवाली गज हलवत ओरडली. "तो म्हणतो तो आपण नव्हे! तू! एकटी तू! वन्सं, बाहेर या, सगळ्या बाहेर या!"

दारात पोचून ती बाई थबकली. तिने फाटकाकडे पाहिलं, ओळखीचं हसली, 'सगळं ठीक आहे' अशा अर्थाने हात हलवला, आणि आत गेली.

थोड्या वेळाने धुराड्यातून धूर निघाला. साहेब अंगण ओलांडून फाटकाकडे येत होते, भराभर, गाडीची किल्ली हातात घेऊन.