तीन इंचांचा पाट

आमच्या घरात एकही गोष्ट सरळ नव्हती, आणि त्याला जबाबदार बाबा होते. हे मी त्यांच्या तोंडावरही म्हणायचे. माणूस गेल्यानंतर त्याच्याबद्दल गोडच बोलावं असा नियम असेल, तर तो मला जमत नाही. मी तिरसट आहे आणि तो गुण त्यांच्याकडूनच आलाय.

बाबांनी आयुष्यात कधी कारागीर घरात येऊ दिला नाही. रंग त्यांनी लावायचा, नळ त्यांनी बसवायचा, फळ्या त्यांनी ठोकायच्या. समोरच्या घरात एक सुतारकाका राहायचे. ते रोज सकाळी पायरीवर चहा पीत बसायचे आणि बाबांना हातात करवत घेऊन बाहेर आलेलं बघितलं, की आत ओरडून काकूंना सांगायचे, "अगं ये लवकर, सुरू झालं!" बाबांना त्याचं काही वाटायचं नाही. बैठकीच्या खोलीला हिरवा रंग लावताना डबा अर्ध्या भिंतीत संपला, तेव्हा त्यांनी पुढे उरलेला पिवळा लावला आणि संध्याकाळी लांब उभं राहून म्हणाले, "उजेड वाढला की नाही?" आम्हीही मुकाट्याने हो म्हणालो. शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या, की मी त्यांना हिरव्या भिंतीकडे तोंड करून बसवायचे.

पण या सगळ्याचं मूळ होतं ती टेप.

पोलादी पट्टीची, दहा फुटी, गोल डबीत गुंडाळली जाणारी. बाबांनी एकदा दाराची चौकट मोजताना ती अडकवली, आणि वाऱ्याने दार असं धाडकन आपटलं की पहिले तीन इंच तुटून पडले. दुसरा कोणी असता तर नवी टेप आणली असती. बाबा म्हणाले, "वा रे वा! एकशे सतरा इंच शाबूत आहेत की! एवढ्याशा तुकड्यासाठी अख्खी टेप टाकायची?"

तेव्हापासून आमच्या घरात मोजमाप शून्यावरून नाही, तीनवरून सुरू व्हायचं. तीस इंच लाकूड हवं असेल, तर तेहतिसावर खूण करायची. 'तीन मिळवा' हे आम्ही भावंडं पाढ्यांच्या आधी शिकलो. टोकाचा हूकही तुटल्यामुळे टेप कुठे अडकायची नाही, म्हणून एकाने टोक अंगठ्याने दाबून धरायचं आणि दुसऱ्याने आकडा वाचायचा. रविवारी सकाळी बाबांची हाक यायची, "धरायला कोण येतंय?" मी कुरकुरत जायचे. धाकटा भाऊ उड्या मारत यायचा. आज इतक्या वर्षांनी मला ती हाक ऐकायला मिळाली, तर मी हातातलं काम टाकून पळत जाईन. तेव्हा मात्र कपाळाला आठ्या असायच्या.

त्यांची आणखी एक खोड होती. प्रत्येक लाकडाच्या मागच्या बाजूला ते जाड पेन्सिलीने स्वतःलाच सूचना लिहायचे. 'ही बाजू भिंतीकडे.' 'इथे खिळा नको.' एका फळीमागे तर 'घाई केलीस, भोग आता' असं लिहिलेलं मला सापडलं होतं.

एवढं करून ते तीन मिळवायला विसरायचेच. एकदा पुस्तकांची फळी भिंतीतल्या कोनाड्यात बसवायला घेतली, तर तीन इंच आखूड! पाहुण्यांसमोर ती धप्पकन खाली आली. सुतारकाका पायरीवरून उठून आत आले, पोट धरून हसले आणि म्हणाले, "कुठेही जा, यांच्या पळसाला पानं तीनच!" सगळे हसले. बाबाही हसले, पण जेवताना गप्प होते. ते गप्प बसलेले मी त्या एका दिवशीच पाहिले.

पुढच्याच महिन्यात त्यांनी आईसाठी स्वयंपाकघरात ओटा बांधायला घेतला. तोपर्यंत आई जमिनीवर बसून स्वयंपाक करायची. ओटा झाला, विटांचा, वर घोटून गुळगुळीत केलेली काळी फरशी. दिसायला झकास. आई पुढे जाऊन उभी राहिली, तर तिची कोपरं खांद्यांपाशी! आमची आई बुटकी, आणि ओटा तीन इंच उंच झालेला. तोवर विटा पक्क्या झाल्या होत्या. फोडायचं म्हटलं तर अख्खी भिंत आली असती.

"माझंच चुकलं," बाबा म्हणाले. "गणित कच्चं."

त्याच संध्याकाळी त्यांनी जुन्या चौकटीच्या जाड लाकडातून एक भक्कम पाट केला, घसरू नये म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलं, आणि ओट्यापुढे ठेवला. आई त्यावर चढून पस्तीस वर्षं भाजी चिरत राहिली. कोणी नवीन माणूस आला आणि त्याने पाटाकडे बघितलं, की आई सांगायची, "यांचं गणित!" बाबा मान डोलवायचे आणि म्हणायचे, "कच्चं आहे हो." सुतारकाका तर जाईपर्यंत त्यांना ओटेवाले साहेबच म्हणत होते.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. आई त्या घरात एकटी राहते, आणि मी दोन गल्ल्या सोडून. गेल्या महिन्यात ती पाटावरून घसरली आणि मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, आता चढउतार बंद, एक पायरीसुद्धा नको. धाकटा दुसऱ्या शहरातून धावत आला, तिला आपल्या घरी घेऊन गेला आणि तिथून मला फोन केला.

"ताई, आता आई इथेच राहील. घराचं काय ते नंतर बघू."

"तिला विचारलंस?"

"ती म्हणते, मला माझ्या ओट्यापाशी उभं राहू द्या. आता त्या ओट्यापाशीच तर पडली ना ती! कोण समजावणार?"

माझं डोकं फिरलं. आई त्याच्या घरी सुखात राहिली असती, यात शंका नाही. सून चांगली आहे. पण तिथे तिला कोणी कामाला हात लावू दिला नसता. खिडकीपाशी खुर्ची टाकून तिला बसवलं असतं, आणि आमची आई बसवून ठेवली तर सहा महिन्यांत संपेल. मी म्हटलं, "मला पंधरा दिवस दे. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून तिला काम करता येईल असा ओटा मी करते. जमला तर ती इथे राहील. नाही जमला तर तू ने, मी चकार शब्द काढणार नाही."

"गवंडी बघितलास का?"

"गवंडी कशाला? मी करणार."

धाकटा म्हणाला, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ताई?" पण शब्द दिला. वर म्हणाला, शनिवारी मीही येतो हात लावायला.

जुना ओटा फोडायला माणूस बोलवावा लागला, तेवढं कबूल करते. तो गेल्यावर मी लाकडाचा सांगाडा करायचा ठरवला, चार जाड पाय आणि वर रुंद फळी. धाकट्याने त्याच्या घरी आईला उभं करून, चांगल्या टेपने मोजून मला उंची कळवली होती. वरची फळी सोडली तर पाय अठ्ठावीस इंचांचे हवे होते. भिंती घासल्या, रंग लावला, एकच रंग, सगळीकडे. करवत बाबांचीच, पेन्सिलही त्यांचीच, खोक्यात होती. आणि टेपही. नवी आणायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. खोटं का बोलू, ती डबी हातात घेतली आणि मी रंगाच्या डब्यावर बसून रडले. मग नाक पुसून कामाला लागले.

शनिवारी धाकटा आला. मी शिडीवर होते. त्याला म्हटलं, "कागदावर आकडा लिहून ठेवलाय, चारही पाय काप. टेप खोक्यात आहे." त्याने टेप बघितली आणि त्याचा चेहरा असा झाला, की मी शिडीवरून तोंड फिरवलं. टोक धरायला त्याने पायाचा अंगठा वापरला. संध्याकाळी आम्ही दोघांनी फळी चढवली, स्क्रू पिळले, हात झाडले. आम्ही दोघं बाबांसारखे उंच. आमच्या कमरेला तो ओटा अगदी छान लागत होता.

रविवारी तो आईला घेऊन आला. तिची बॅग मात्र त्याने गाडीतच ठेवली, ते मी पाहिलं.

आई आत आली, भिंतींवरून हात फिरवला, "एकच रंग? बाई गं!" म्हणाली आणि ओट्यापुढे जाऊन उभी राहिली. तिने हात ओट्यावर टेकवले. तिची कोपरं वर गेली. खांदे कानांपाशी आले.

धाकटा लाल झाला.

"मी तीन मिळवले होते," तो म्हणाला. "शपथ, ताई. कागदावर एकतीस होतं, मी चौतिसावर खूण केली. माझंच काहीतरी चुकलं असेल."

कागदावरचे एकतीस मी लिहिले होते. अठ्ठावीस हवे होते. हा विसरेल, याला कधी काय लक्षात राहिलंय, असं म्हणून मीच आधी तीन मिळवून ठेवले होते. त्याने शहाण्यासारखे आणखी तीन मिळवले. पाय एकतीस इंचांचे झाले. पंधरा दिवस मेहनत करून मी आईला पुन्हा तीन इंच वर नेऊन ठेवलं होतं, आणि बॅग गाडीत होती.

"माझंच चुकलं असेल," धाकटा परत म्हणाला, अगदी बाबांच्या आवाजात.

मला गप्प बसता आलं असतं. खरंच सांगते, क्षणभर बसलेही. पण आई माझ्याकडे बघत होती.

"आकडा कोणी लिहिला?" तिने विचारलं.

"मी."

"मिळवून?"

"हो," मी म्हटलं. "याची चूक नाही. माझी आहे."

आई हसायला लागली. आधी हळू, मग अशी की तिला खुर्ची द्यावी लागली. बाबा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. डोळे पुसत म्हणाली, "खाण तशी माती!" आणि मग एकदम गंभीर झाली.

"पहिला ओटासुद्धा असाच उंच झाला होता. यांचं गणित कच्चं नव्हतं. सुतारकाकूंच्या ओट्यापाशी उभी राहून मी उंची बघून आले होते, तीस इंच. कागदावर लिहिताना तेहतीस लिहिले. म्हटलं, हे विसरणार, फळीसारखं होणार, आणि तो मेला सुतार पुन्हा सगळ्यांसमोर हसणार यांना. मला बघवलं नव्हतं गं ते. आणि नेमके त्या दिवशी हे विसरले नाहीत! मी कागद फाडून टाकला. सांगेन सांगेन म्हणत वर्षंच्या वर्षं गेली. लोक यांना हसायचे आणि मीही हसायचे. शेवटी दवाखान्यातही सांगितलं नाही."

धाकटा तिच्यापुढे खाली बसला. मी नेहमीसारखी चिडले. "मग आता काय करायचं ते सांग. याची गाडी दारात उभी आहे."

"लाकूड आहे ना? काप की तीन इंच. विटा थोड्याच आहेत!" आई म्हणाली. "पण त्या टेपवर माझा भरवसा नाही, आणि तुम्हा दोघांवर तर मुळीच नाही. माझा पाट आणा. त्याच्या उंचीएवढं कापा. पस्तीस वर्षं तोच बरोबर आहे."

पाट मागच्या दाराशी उभा होता. मी आणला. "खालचं रबर काढ," आई म्हणाली, "नाहीतर तेवढं जास्त कापशील." रबर आता गुळगुळीत झालं होतं, डिंक वाळून गेला होता. एका टोकाने ओढलं तर सगळं एकदम सुटून आलं.

खाली जाड पेन्सिलीने लिहिलेलं होतं. अक्षर बाबांचं.

"काय आहे?" आईला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं.

मी वाचलं. "तिने ३ मिळवले. मी ३ मिळवले. टेप ३ खाते. उरले ३." आणि त्याखाली, दोनदा अधोरेखित केलेलं, "तिला सांगायचे नाही."

आईने पाट मांडीवर घेतला. त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली, जणू लाकूड कितपत घासलंय ते बघतेय.

"लबाड," ती म्हणाली. "शेवटपर्यंत! मान डोलवायचे आणि म्हणायचे, कच्चं आहे हो. लबाड मेला." आणि ती रडली. आम्हीही. कोणी कोणाला गप्प केलं नाही.

दुपारी आम्ही फळी उतरवली. धाकट्याने एकेका पायाला पाट लावून धरला, मी खूण केली, त्याने कापलं. टेप खोक्यातून काढलीच नाही. फळी परत चढवली. मग धाकटा गाडीपाशी गेला आणि आईची बॅग घेऊन आत आला.

आई ओट्यापाशी गेली. सवयीने तिने उजवा पाय उचलला, पाटावर चढायला. तिथे पाट नव्हता. तिने पाय तसाच जरा वेळ धरला, मग हळूच फरशीवर टेकवला. हात ओट्यावर ठेवले. कोपरं जिथे हवीत तिथे आली.

"अहो, बरोबर आलं," ती म्हणाली.

आम्ही दोघं तिच्या मागेच उभे होतो. पण आम्हाला ती अहो म्हणत नाही.