तनुजाची साक्ष

माही तनुजा सोळा वर्षांची. आजापासून आमचं घर ख्रिस्ती, पोट्टी चर्चातच रांगली. तिले साक्ष द्याची लय हौस, आन् सांगासारखं तिच्यापाशी काहीच नोतं.

साक्ष म्हणजे आमच्या मंडळीत उभं राहून सांगाचं, मी अगोदर कसा होतो, येशू कसा भेटला, मंग काय बदललं. दारू सुटलेल्याची साक्ष आयकून लोक डोळे पुसतात. या पोट्टीनं तर कधी चहासुद्धा सोडला नाई. तरुण संघ पाहणारा धीरज तिले म्हणे, "अगोदरचा अंधार नीट सांग, तवा उजेड दिसते लोकाइले." तिनं ते मनावर घेतलं.

आन् या शहाणीनं साक्ष आयकाचं आवतन कोणाले द्यावं, तर शेजारच्या कस्तुराबाईले. कस्तुराबाई मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवते आन् वाशिमच्या बाजारात नेऊन विकते. मी दवाखान्यात नर्स. माही ड्युटी असली का तनुजा तिच्याच चुलीपाशी राहे, म्हणून मले मम्मी म्हणते आन् तिले माय. रविवारी कस्तुराबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली. देवाच्या घरी रिकाम्या हातानं कसं यावं म्हणून वावरातले झेंडूही घेऊन आली.

तनुजा उभी राह्यली. आवाज खणखणीत. "लहानपणी मी अंधारात होती. मूर्तीपुढचा प्रसाद खात होती. त्या घरात खऱ्या देवाची कोणाले ओळख नोती. प्रभूनं मले तिथून ओढून काढलं."

लोक आमेन म्हणाले. धीरजनं मान डोलावली. कस्तुराबाई माह्या मांगच बसली होती, पण मांग पाहाची माही हिंमत झाली नाई.

ती शेवटच्या गाण्यापर्यंत बसली. जाताना तनुजाच्या तोंडावरून हात फिरवला, "चांगली बोलली," म्हणाली आन् गेली. पोट्टी खुश. "पाह्यलं मम्मी, माय रागावली नाई." म्या म्हटलं, "चूप बस."

एरवी कस्तुराबाई भिंतीवरूनच सांबाराची जुडी टाकते आन् वरतून वरडते का घे वं, सुकून जाईन. त्या मंगळवारी ती दारात आली, उंबऱ्याबाहेरच उभी राह्यली. हातात डबा.

"घरी देवाचं जेवण होतं. रोडगे हायेत आन् वांग्याची भाजी," ती म्हणाली. "चालते का तुमाले?"

चालते का. माह्या आजसासूले याच गावात वरतून ओंजळीत पाणी ओतत. आमच्या हातचं कोणाले चालत नोतं. मी या घरात लग्न होऊन आली, तवा गावातली पयली बाई कस्तुराबाई, जी सरळ माह्या चुलीपाशी येऊन बसली आन् चहाचा दुसरा कप मांगून प्याली. तिनं तवा काही विचारलं नोतं, आन् आज ती मले विचारून राह्यली होती. म्या डबा घेतला. ती तशीच माघारी गेली.

तनुजा कॉलेजातून आली तशी डबा तिच्यापुढं आदळला आन् सारं सांगतलं.

"पण म्या तिचं नाव कुठं घेतलं?"

"नाव कायले पाह्यजे? तुले पोसणारं दुसरं घर कोणतं हाये गावात?"

"धीरजदादा म्हणे का..."

"त्याले मी पाहून घेईन. तू सांग. साक्षीदार म्हणजे ज्यानं डोळ्यानं पाह्यलं तो. तू काय पाह्यलं तिच्या घरी?"

पोट्टी खाली मान घालून बसली. मंग बारीक आवाजात म्हणे, "मले ताप आला होता आन् तू ड्युटीवर होती, तवा माय मले मांडीवर घेऊन बसली होती. बाजारही बुडवला तिनं."

"मंग ते काहून नाई सांगतलं?"

"त्यात येशू कुठं होता, मम्मी?"

बोलली, आन् तिचंच तिले कळलं. तिचं तोंड लाल झालं. मलेही रडू येऊन राह्यलं होतं.

दिवस मावळताना तिले घेऊन गेली. रस्त्यात बजावलं, "भाषण नाई कराचं. बायबलातलं वचन नाई म्हणाचं."

कस्तुराबाई चुलीपुढं भाकर थापत होती. तनुजा दारातून म्हणाली, "माय, भूक लागली."

तिनं वर पाह्यलं नाई. "डबा देल्ला होता."

"तुह्या हातची गरम पाह्यजे."

कस्तुराबाई उठली, पिठाच्या हातानं लाईटचं बटण दाबलं. "ये," ती म्हणाली. "अंधार होईन तुले."

रागानं नाई म्हणाली, साधंच म्हणाली. तनुजा खाली बसली ते रडतच. "माय, मी खोटं बोलली वं सगळ्याइपुढं."

कस्तुराबाईनं ताट पुढं सरकवलं. सवयीनं तनुजाचे हात जुळले, आमी जेवाच्या अगोदर प्रार्थना करतो तसे. मंग तिनं मायकडे पाह्यलं आन् लाजून हात खाली घेतले.

"कर, कर," कस्तुराबाई म्हणाली. "फक्त या बारीनं त्याले माह्याबद्दल खरं सांगजो."

पोट्टीनं डोळे मिटले. ताटातली भाकर गार झाली तरी तिच्या तोंडातून पयला शब्द निघत नोता.