महाराजांसाठीही एक लिंबू

घाटंजीजवळच्या आश्रमात त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. न्यायानंद महाराज लिंबू कापून खरंखोटं सांगत. रस लाल निघाला, की बोलणारा खोटा. कापूस विकताना काट्यावरून नजर न हटवणारी माणसं इथं मात्र डोळे मिटून हात जोडत.

त्या दिवशी निवाडा होता सातवीतल्या जमनीचा. कापसाला भाव नव्हता, म्हणून तांड्यावरच्या रुपीबाईनं लेकीला आश्रमाच्या वसतिगृहात ठेवलं होतं. महाराज खोलीत बोलावतात आणि वाईट वागतात, असं जमनीनं अधीक्षकांना सांगितलं. त्यांनी तिला गप्प बसवलं. मग तिनं आईला सांगितलं. रुपीबाई आश्रम चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष मारोतराव यांच्याकडे गेली. त्यांनी चौकशीचा शब्द दिला, आणि चौकशी सोपवली खुद्द महाराजांकडे.

महाराजांनी मंत्र पुटपुटला. त्याचा अर्थ बहुधा त्यांनाही ठाऊक नसावा. लिंबावर सुरी फिरली. रस लालभडक. पोरगी खोटी ठरली, असं मारोतरावांनी हळहळत जाहीर केलं.

जमनी उठली. "आता महाराजासाठी कापा. याच सुरीनं."

देवाची परीक्षा घेत नसतात, असं महाराज सांगू लागले. तोवर रुपीबाईनं सुरी उचलून दुसरं लिंबू कापलं होतं. तेही लाल. मारोतराव महाराजांकडे बघायचं टाळू लागले. कलियुगात लिंबंसुद्धा बिघडली, असा महाराजांनी खुलासा केला.

तेव्हा जमनीच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या दीपा मॅडमनी स्वयंपाकघरातली सुरी आणली. तिसऱ्या लिंबाचा रस नेहमीसारखा निघाला. मग त्यांनी त्याच सुरीवर जास्वंदाच्या पाकळ्या घासल्या, त्यांचा रस वाळू दिला आणि चौथं लिंबू कापलं. रस लाल. पाकळ्यांचा रंग आंबटात लाल होतो, एवढंच.

"लिंबू कसंही निघो," त्या म्हणाल्या, "पोरीचं खरंखोटं त्यावरून कळत नाही. तिला नीट विचारलं कोणी?"

मारोतरावांनी रुपीबाईला बाजूला घेतलं; संस्थेचं नाव जाईल, आपसात मिटवू म्हणाले.

"नाव संस्थेचं हाये, साहेब," रुपीबाई म्हणाली. "लेकरू माह्यं हाये."

ती जमनीला घेऊन पोलीस ठाण्याकडे निघाली. दीपा मॅडम सोबत होत्या. वसतिगृहातल्या आणखी दोन मुली मागून चालू लागल्या. संध्याकाळी महाराजांना अटक झाली. प्रकरण दाबल्याबद्दल अधीक्षक आणि मारोतरावांचीही चौकशी सुरू झाली, या वेळी पोलिसांकडून.

मूल असं काही सांगतं, तेव्हा चमत्कार कशाला हवा? त्याचं ऐका. आणि ज्याच्याबद्दल ते सांगतंय, त्याच्याच हाती निवाडा देऊ नका.