वेशीतल्या वहाणा

फाल्गुन सरत आला होता. पळसांनी पानांचा संसार आवरून रानभर केशरी रंग मांडला होता. नदीच्या विस्तीर्ण वालुकापात्रात पाण्याची एकच रुपेरी रेघ उरली होती, आणि त्या रेघेवरून उजाडत होते. हळूहळू, सावकाश, कुणाची परवानगी न घेता उजाडत होते. कौठळच्या दगडी वेशीवर ऊन आले, तसेच ते वेशीबाहेरच्या वस्तीवरही आले. उन्हाला गावचे रिवाज कुणी शिकवले नव्हते.

माणसांना मात्र ते पाळण्यातच शिकवले जात. वस्तीतल्या बायांनी वेशीपाशी वहाणा काढायच्या, हातात धरायच्या, मान खाली घालून गाव ओलांडायचे, आणि पलीकडच्या रानवाटेला लागल्यावर त्या पुन्हा पायात घालायच्या. वैशाखात चौकातली फरशी तव्यासारखी तापे. आजीने पाय भाजून घेतले, आईने घेतले, लेकीनेही घेतले. असले रिवाज कुठे लिहून ठेवावे लागत नाहीत.

हा रिवाज मोडायला उभी राहिली भिवराबाई. कृष्णवर्णा, कृशांगी, करारी भिवराबाई! कपाळ मोकळे, पण मान कधी न वाकलेली. सारा हिवाळा ती घरोघरच्या चुलीपुढे बसली. कायदा आपल्या बाजूने आहे, पण कायदा काही आपल्या पायात वहाणा घालायला येणार नाही, असे बायांना समजावत राहिली. बाया भ्यायल्या. गावाने कामे बंद केली तर खायचे काय, हे भय खोटे नव्हते. तरी एकेक करीत त्या तयार झाल्या. अट एकच होती, भिवराबाईने पुढे व्हायचे. ती करील तसे त्या करणार होत्या.

त्या सकाळी त्या निघाल्या. हिरवी, जांभळी, विटकी लाल लुगडी वाऱ्यावर फडफडत होती, आणि कोऱ्या चामड्याची करकर धुळीतून पुढे सरकत होती. वेशीच्या आत, चौकातल्या वडाच्या पारावर, गावची कारभारी मंडळी बसली होती. मधोमध दौलतराव पाटील, बाजूला काठ्या घेतलेले गडी. वहाणा घालून येईल तिला अडवायचे, असे ठरले होते.

आणि वेशीतच घात झाला. भिवराबाईची नजर समोर होती, मान ताठ होती, मनात निर्धार होता. पण हातापायांत जन्मभराची सवय होती. वेशीची सावली अंगावर पडताच ती वाकली, वहाणा काढून हातात घेतल्या, आणि तशीच आत शिरली. तिला कळलेही नाही. मागच्या बायांना वाटले, काही नवे ठरले असेल. त्याही वाकल्या. ओळीने, निमूट, साऱ्यांनी वहाणा हातात घेतल्या.

पारावर हशा पिकला. दौलतराव मिशीवर हात फिरवीत म्हणाले, "बघा, गाय काही आपलं दावं इसरत न्हाई."

तेव्हा कुठे भिवराबाईने आपल्या हातांकडे पाहिले. तिचे डोळे भरून आले. मागच्या मागे निघून जावे, कुणाला तोंड दाखवू नये, असे तिला वाटले. पण ती आज परतली असती, तर या बाया पुन्हा कधीच निघाल्या नसत्या. ती त्यांच्याकडे वळली आणि चौकाच्या मध्यभागी, त्या वडाच्या गर्द सावलीत, खाली बसली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "लई जुनी सवय हाय, बायांनो. बसा. निवांत बसून घाला."

बाया बसल्या. जिथून त्यांच्या आज्या-पणज्या लगबगीने, चोरासारख्या निघून गेल्या, त्या चौकात त्या मांडी घालून बसल्या. गडी पुढे सरसावले आणि थबकले. चालणारीला अडवायचे ठरले होते. बसलेलीचे काय करायचे, हे कुणीच ठरवले नव्हते. दौलतराव तटकन उठले, त्यांच्यामागे सारा पार उठला.

भिवराबाईची सासू चंद्राऊ शेजारीच होती. तिने उभ्या जन्मात वहाण घातली नव्हती; आजही ती आपल्या वहाणा वस्तीपासून हातातच घेऊन आली होती. कोऱ्या वहाणेत अंगठा कुठे घालायचा, तेही तिला उमजेना. सुनेने म्हातारीचा पाय मांडीवर घेतला. भेगाळलेला, धूळमाखला, काटे मुरलेला तो पाय. पदराने तो पुसला, अंगठा हलकेच वादीत सरकवला, आणि आता निघू या म्हणून हात पुढे केला.

म्हातारीने वर पाहिले. पानांआड पाने, पारंब्यांआड पारंब्या, आणि त्यांतून गळणारे हिरवे ऊन.

"बस की वाईच, भिवरे," ती म्हणाली. "इथली सावली लई गार हाय."

वहाणा घातलेले पाय तिने सरळ लांब केले. मग शेजारणीने केले, मग तिच्या शेजारणीने. वाऱ्याने वडाची पाने सळसळली, सावली हलली, पुन्हा स्थिर झाली. बाया बसून होत्या, आणि सारे गाव उभे होते.